दहा जणांची बाटली

एका बाटलीत दहा माणसं बसतात, असं आमच्या खात्याचं गणित होतं. लसीची बाटली अंगठ्याएवढी. तिचं टोपण एकदा उडवलं की चार तासांच्या आत दहा दंड शोधायचे. नऊच सापडले तर दहावा डोस टाकून द्यायचा आणि तो का टाकला हे वरच्यांना कागदावर समजावून सांगायचं. लस तेव्हा सहजासहजी मिळत नव्हती. शहरात लोक पहाटेपासून रांगा लावत होते, त्यामुळे एक डोस वाया गेला म्हणून आम्हाला जे ऐकावं लागे ते ऐकणाऱ्यालाच माहीत. नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण नियम करणाऱ्याला उसाच्या गावात दहा माणसं एका वेळी, एका जागी उभी करून बघायला हवी होती.

मी आरोग्यसेविका. इंदापूर तालुक्यात, भिगवण-बारामती रस्त्यापासून थोडं आत आमचं उपकेंद्र आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि समोर एक लिंबाचं झाड. लोक मला सिस्टर म्हणतात. मी तापले की माझ्या माघारी आणखीही काही म्हणतात, ते मला आमच्या आशाताईकडून कळतं. आशाताई म्हणजे गावातलीच आशा कार्यकर्ती, माझा उजवा हात. मी लवकर तापते आणि तिला कधीच राग येत नाही, म्हणून आमचं जमतं.

साथीचं पहिलं वर्ष आम्ही दोघींनी पायी काढलं. गावानं शिस्त म्हणून वेशीवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून रस्ता बंद केला होता. शिस्त चांगली, पण त्यात माझी स्कूटीही बाहेर अडकली. मी पहारेकऱ्यांना म्हणाले, "हा आजार काय बैलगाडीतून येणार आहे का?" त्यांनी ते फार मनावर घेतलं नाही. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना चौदा दिवस शाळेत ठेवलं होतं. त्यांना करमेना म्हणून त्यांनी आधी शाळेचा गळका नळ दुरुस्त केला, मग भिंतींना चुना दिला, आणि शेवटच्या तुकडीनं तर मैदानात रांगोळीच्या चुन्यानं कबड्डीचं मैदान आखलं. शाळा इतकी नीटनेटकी त्याआधी कधी नव्हती.

मग आम्ही घरोघर ऑक्सिजन मोजत फिरलो. बोटाला लावायचा तो चिमटा. एके सकाळी एका घरातल्या तिन्ही बाप्यांचा ऑक्सिजन ऐंशीच्या आसपास आला. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. तेवढ्यात आशाताईनं शांतपणे विचारलं, "पाणी धरून आला का रानातनं?" तिघेही पहाटेपासून उसाला पाणी देत गारठ्यात उभे होते. बोटं बर्फ झालेली, वर चाळीस वर्षांचे घट्टे. तिनं त्यांना चुलीपुढं बसवलं, हात शेकले, करंगळीला चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव. त्यानंतर आम्ही प्रत्येक घरात आधी हात शेकायला सांगायचो. हे कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं, पण आमच्याकडं ते चाललं.

दुसऱ्या वर्षाचा उन्हाळा वाईट गेला. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. गावातली काही माणसं गेली, आणि ज्यांच्या हातची भाकरी मी खाल्ली होती त्यांच्या दारावरून जाताना मला रडू यायचं. त्या उन्हाळ्यानंतर लसीला भिणारे लोक लस मागायला लागले, आणि नेमकी तेव्हाच लस मिळेनाशी झाली.

लस मागणाऱ्यांत सगळ्यात पुढं आक्का होती.

आक्का म्हणजे कालव्याच्या कडेला दीड एकरात भेंडी-गवार करणारी बाई. वय साठीच्या पुढं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक म्हैस आणि एक लेक एवढाच तिचा संसार. लेक दिलेली बारामतीला. साथ यायच्या आदल्या वर्षी त्या लेकीच्या दोन्ही किडन्या गेल्या, आणि आक्कानं आपली एक काढून दिली. ऑपरेशन चांगलं झालं. पण अशा पेशंटला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या गोळ्यांनी अंगातली आजाराशी झुंजायची ताकद कमी होते. त्यामुळे साथ आल्याबरोबर तिच्या डॉक्टरांनी दारच बंद करून टाकलं. बाहेरचं कुणी नको, आईसुद्धा नको. पुढं लस आल्यावर त्यांनी सांगितलं, आईचे दोन्ही डोस होऊन पंधरा दिवस गेले की येऊ दे.

"माजा निम्मा जीव बारामतीत ऱ्हातुय," आक्का म्हणायची, "आन मलाच त्याला भेटाया बंदी." हे ती हसून म्हणायची. व्हिडिओवर बोलायचा प्रयत्न जावयानं करून पाहिला, पण आक्का मोबाइल असा धरायची की लेकीला आईऐवजी छपराचे पत्रे दिसायचे. दीड वर्ष मायलेकी अशाच पत्र्याच्या आडून बोलत होत्या. वीस किलोमीटरवरच्या माणसासाठी हे फार लांब होतं.

आमच्या उपकेंद्रावर पहिलं सत्र झालं तेव्हा आक्का एकेचाळिसावी होती आणि डोस चाळीस होते. दुसऱ्या वेळी लस घेऊन येणारी गाडीच आली नाही. तिसऱ्या सत्राला तिला मी पहिलं नाव दिलं. मी तिला शब्द दिला होता की या वेळी काहीही झालं तरी तुम्हाला दिल्याशिवाय बाटली संपणार नाही. बाटली उघडलीच नाही तर काय, हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

आता थोडं आमच्या घराबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचे हे मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतात. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडून त्यांना नवी तार भरायची. गाव त्यांना मिस्त्री म्हणतं, आणि लिहिताना मीही तेच म्हणते. सहा फुटी माणूस. विजेला भीत नाही, सापाला भीत नाही, माझ्या रागालाही फारसा भीत नाही. पंचेचाळीसच्या पुढच्यांची लस सुरू झाली तेव्हा मी त्यांना म्हणाले, आपल्या उपकेंद्रावर नको, लोक म्हणतील नर्सनं घरच्यांचं आधी केलं, तुम्ही बारामतीला जाऊन या. ते इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी गेले, संध्याकाळी आले. दंड दुखतोय म्हणाले. मी तापाच्या गोळ्या दिल्या, दंडाला गार पाण्याची पट्टी ठेवली, दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवायला लावलं. मोबाइलवर मेसेज आला नाही, पण तेव्हा निम्म्या लोकांना येत नव्हता. आणि मी गावभर सांगत सुटले, "आमच्या घरात दोघांनीही घेतली, बघा धडधाकट आहोत की नाही." बऱ्याच लोकांनी त्यावर विश्वास ठेवून लस घेतली.

तिसऱ्या सत्राच्या दिवशी सकाळी सहा बाटल्या आल्या. निळी पेटी, आत बर्फाच्या पट्ट्या. यादीत साठ नावं. मी व्हरांड्यात खुर्च्या लांब लांब मांडल्या, आशाताईनं रजिस्टर उघडलं. आक्का नऊच्या आधीच येऊन बसली होती, नवं लुगडं नेसून, जणू लगेच बारामतीला निघायचं आहे.

दहा वाजले, पाच माणसं आली. अकरा वाजले, सात. बारा वाजेपर्यंत नऊ झाली आणि तिथंच थांबली. साठ नावांतली एक्कावन्न माणसं कुठं गेली ते कळेना. आशाताई फोन लावत होती, कुणी उचलत नव्हतं. शेवटी एका घरातल्या सुनेनं सांगितलं की सकाळी सातलाच दोन ट्रॉल्या भरून मंडळी शेजारच्या गावच्या केंद्रावर गेलीत.

हे कसं झालं ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडं ऊस एकाच कारखान्याला नोंदवायची पद्धत नाही. शेतकरी आपल्या कारखान्याला नोंदवतो आणि शेजारच्यालाही नोंदवून ठेवतो. ज्याची तोडणीची टोळी आधी बांधावर येईल, त्याला ऊस जातो. दुसऱ्याला कळवायला कुणी जात नाही, त्याचा माणूस येतो, रिकामं रान बघतो आणि निघून जातो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तर आमच्या गावानं लसही तशीच नोंदवली होती. आमच्या यादीत नाव घातलं, शेजारच्या गावच्या यादीतही घातलं. तिथली लस आदल्या संध्याकाळी आल्याची खबर लागली आणि दोन ट्रॉल्या निघाल्या.

हे सगळं ज्यांच्या डोक्यातून निघालं ते तात्या, गावातले जुने ऊसवाले, त्यांचा फोन अखेर लागला. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आवो सिस्टर," ते म्हणाले, "दोन ठिकाणी नोंद घातली म्हून ऊस काय दोनदा तुटतो व्हय? एकदाच तुटला. आमी समद्यांनी लस घेतली. तुमी तर खूश व्हायला पायजे."

"अहो, पण मला कळवायचं तरी."

"कारखान्याला तरी कोण कळवतं?" तात्या म्हणाले. त्यांना खरोखरच नवल वाटत होतं.

खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं. एक्कावन्न माणसांना लस मिळाली होती. फक्त माझ्या व्हरांड्यात नऊ माणसं उरली होती, आणि त्या नवांत आक्का होती. तिनं दुसरीकडं नाव घातलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुमास्नी व्हय म्हणलं हुतं न्हवं? मग दुसरीकडं कशापायी नाव द्यायचं?"

मी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आमच्या डॉक्टरांना फोन केला. माणूस चांगला, पण त्यांच्याही मागं कुणीतरी होतंच. ते म्हणाले, नऊवर बाटली उघडायची नाही, मागच्या महिन्यात चार डोस वाया गेले त्याचं उत्तर मी अजून देतोय. साडेचारला गाडी येईल, पेटी परत पाठवा. आणि मग जड आवाजात म्हणाले, "तुमच्याकडं आज एकही डोस झाला नाही तर पुढच्या यादीत तुमचं उपकेंद्र धरता येणार नाही. प्रतिसाद नाही असंच लिहावं लागेल. लस जिथं माणसं आहेत तिथं जाईल."

मी फोन ठेवला. आक्कानं विचारलं, "काय म्हणालं डॉक्टर?" मी तिला सगळं सांगितलं. लपवून काय करणार. दहावा माणूस नाही आला तर आज नाही, आणि आज नाही तर कधी ते मला माहीत नाही.

आक्कानं पदरानं तोंड पुसलं. "पहिल्या डोसापासनं दुसरा किती दिसांनी?"

"चौऱ्याऐंशी."

"आन पंधरा वरती." ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

मग मी आणि आशाताई दहावा माणूस शोधायला निघालो. ती गावठाणात, मी स्कूटीवरून वस्त्यांवर. मला वाटलं होतं अर्ध्या तासात मिळेल. पहिल्या वस्तीवर जे भेटले त्यांना मागच्या महिन्यातच डोस झाला होता. दुसऱ्या वस्तीवर एकाला आदल्या दिवसापासून ताप. तिसरीकडं डाळिंबाच्या बागेत एक गृहस्थ सापडले, डोक्यावर एक काळा केस शिल्लक नाही, नातू कडेवर. माझा जीव भांड्यात पडला. आनंदानं यायला तयार झाले, चपलाही घातल्या. आधार कार्ड बघितलं तर एक जून आणि वय त्रेचाळीस, आणि लस अजून पंचेचाळीसच्या पुढच्यांनाच होती. शाळेत घालताना त्यांच्या वडिलांनी पोरगं लहान दिसतंय म्हणून वय कमी सांगितलं होतं, आणि गुरुजींनी सगळ्या वर्गाची असते तीच एक जून लिहून टाकली होती.

"मला पन्नास झाल्यात," ते म्हणाले. "आईला इचारा."

आईला विचारून उपयोग नव्हता. संगणकाला आईचं पटत नाही. मी त्यांना तिथंच सोडलं आणि परत फिरले, आणि येताना कालव्याच्या पुलावर स्कूटी थांबवून दोन मिनिटं एकटीच मोठ्यानं ओरडले. ऐकायला फक्त बगळे होते.

उपकेंद्रावर आले तेव्हा सव्वातीन झाले होते. आशाताईही रिकाम्या हातानं आली होती. नऊ जण तसेच बसून होते. त्यातल्या कुणी घरून शेंगा आणल्या होत्या, त्या सगळ्यांनी लांब लांब बसून वाटून खाल्ल्या होत्या. मी घरी जा असं सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात आक्का उठली. "सिस्टर, तुमचा फोन द्या जरा. एकाला बोलवायचंय."

"कुणाला?"

"तुमच्या घरच्यास्नी लावा."

मला वाटलं मिस्त्रींना कुणा गिऱ्हाइकाला घेऊन यायला सांगायचं असेल. मी नंबर लावून दिला. आक्कानं फोन सवयीप्रमाणं कपाळापुढं धरला आणि बोलू लागली. आवाज अजिबात चढवला नाही.

"दादा, मी आक्का. तुमास्नी शब्द दिला हुता, तो आजवर पाळला. हितं नऊ माणसं झाल्यात, धावं न्हाय. आता तुमी या, न्हायतर मला बोलाया लावा. काय करायचं ते तुमीच सांगा."

पलीकडून मग फोन बंद झाला.

"कसला शब्द?" मी विचारलं.

"ते आल्यावर सांगत्याल," आक्का म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन बसली. बाकीचे आठ जण माझ्याकडं बघायचं टाळत होते. आशाताई रजिस्टरात डोकं घालून बसली होती, आणि दाबलेल्या हसण्यानं तिचे खांदे हलत होते.

दहा मिनिटांत मिस्त्रींची मोटरसायकल लिंबाखाली उभी राहिली. हाताला अजून वार्निशचा वास. ते पायरीशी आले, माझ्याकडं न बघता आशाताईला म्हणाले, "माझं नाव लिहा. पहिला डोस."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी लिंबाच्या झाडाकडं तोंड करून उभी राहिले.

झालं होतं असं. इस्त्रीचा शर्ट घालून ते बारामतीला निघाले खरे, पण कालव्यापर्यंत गेल्यावर त्यांना हातपाय थरथरतायत असं वाटायला लागलं. सहा फुटी माणूस सुईला भितो हे लग्नाला बावीस वर्षं होऊनही मला माहीत नव्हतं, कारण आजवर त्यांना सुई घ्यायची वेळच आली नव्हती. ते आक्काच्या रानात जाऊन बसले. दिवसभर गवारीच्या वाफ्याकडेला बसून राहिले, तिच्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर फुकट दुरुस्त केला, तिच्याच घरची भाकरी खाल्ली, आणि संध्याकाळी निघताना तिच्याकडून वचन घेतलं की हे सिस्टरला सांगायचं नाही. मग घरी आले आणि मी त्यांच्या न टोचलेल्या दंडाला गार पाण्याची पट्टी ठेवली.

मला राग आला का? आला. पण त्याहून जास्त लाज वाटली. दोन महिने मी गावाला ज्याच्या नावानं सांगत फिरले तो माणूसच गवारीत लपला होता. आणि ज्या बाईला त्या लसीची सगळ्यात जास्त गरज होती, तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आज नऊवर अडलं तेव्हाही तिनं ते सांगितलं नाही. सव्वातीन वाजेपर्यंत ती दाराकडं बघत बसली होती, मिस्त्री आपण होऊन येतील म्हणून.

"आक्का, दुपारीच बोलायचं ना," मी म्हणाले.

"बोलले असते तर शब्द ऱ्हायला असता व्हय?"

"आणि ते आलेच नसते तर?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला कळलं की तिलाही दिवसभर हाच प्रश्न पडला होता.

मी बाटली काढली, टोपण उडवलं, वेळ लिहिली. पहिली पाळी आक्काची होती. ती म्हणाली, आधी मिस्त्रींना द्या, न्हायतर निघून जात्याल. मिस्त्री खुर्चीवर बसले, डोळे मिटले, आणि सुई लागायच्या आधीच "झालं का?" म्हणाले. सगळा व्हरांडा हसला. तीन वेळा त्यांनी "झालं का" विचारलं, त्यातल्या दोन वेळा मी अजून कापूसच फिरवत होते. शेवटी खरंच झालं तेव्हा त्यांना पटेना. मग घाम फुटला आणि त्यांना बाकावर आडवं करावं लागलं. आक्कानं आपला डोस गंमत बघत बघत घेतला. टोचताना तिनं हातही हलवला नाही.

लस घेतल्यावर अर्धा तास बसायचं असतं. आक्का मिस्त्रींच्या बाकाशेजारी खुर्ची ओढून बसली आणि त्यांना पदरानं वारा घालत राहिली. "दादा," ती म्हणाली, "तुमच्यामुळं मला लेक भेटणार हाय."

"आक्का, माझ्यामुळंच उशीर झाला असता," मिस्त्री डोळे मिटूनच म्हणाले.

"झाला न्हाय न्हवं? मग झालं."

साडेचारला गाडी आली. मी पाच बंद बाटल्या आणि एक रिकामी परत दिली. डॉक्टरांना फोन करून दहा आकडा सांगितला. ते म्हणाले, "दहावा कुठून आणलात?" मी म्हणाले, घरातून. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे.

मिस्त्रींशी मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच गवारीची भाजी केली आणि ताट वाढून माझ्यापुढं ठेवलं. भाजी खारट होती. मी खाल्ली. गावात काही महिने दुकानात येणारा प्रत्येक जण त्यांना मोटारीआधी दंडाचं विचारत होता. त्यांनी ते मुकाट सोसलं. उलट कुणी सुईला भितो असं कळलं की ते स्वतः त्याला गाडीवर बसवून आणू लागले आणि खुर्चीशेजारी उभे राहून म्हणू लागले, "काय न्हाय, मुंगी चावल्यावानी." मुंगी चावल्यावर घाम फुटून कोण आडवं होतं, असं मी एकदाही विचारलं नाही. हे माझं मोठेपण मी इथं नोंदवून ठेवते.

तात्यांनी दुसऱ्या डोसाला गावाला आमच्याच उपकेंद्रावर आणलं. तोवर लस भरपूर यायला लागली होती, त्यामुळं त्यांचे फार उपकार झाले नाहीत, पण त्यांना ते तसं वाटत होतं आणि मी वाटू दिलं. आक्काचा दुसरा डोस बरोबर चौऱ्याऐंशीव्या दिवशी झाला. पुढचे पंधरा दिवस ती रोज उपकेंद्रावरून जाताना मला किती राहिले ते सांगायची. मला ते माहीत होतं, तरी मी रोज विचारायचे.

सोळाव्या दिवशी मिस्त्रींनी मित्राची जीप आणली. जावई न्यायला येणार होता, पण मिस्त्रींनी त्याला फोन करून नको म्हणून सांगितलं, हे काम माझं आहे म्हणाले. रविवार होता, मीही निघाले. आक्काच्या मांडीवर एक पिशवी, त्यात भेंडी, गवार, दुधाची किटली आणि म्हशीच्या चिकाचा खरवस. म्हैस नेमकी त्याच आठवड्यात व्याली होती. सगळ्या रस्त्यात आक्का बोलत होती, कुणाचा ऊस कसा आहे, कुणी ठिबक केलंय, कुणाच्या बांधावरचं झाड गेलं. बारामतीत शिरल्यावर तिनं पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

लेकीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडंच होतं. लेक आत उभी होती, तोंडाला मास्क, अंगावर साधा गाऊन. आक्काच्या घरातल्या फोटोपेक्षा बारीक झालेली, पण ताठ उभी. जावई मागं होता. आक्काच्याही तोंडाला मास्क होता, मीच बांधला होता.

"आये, ये की आत," लेक म्हणाली.

आक्का उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. तिनं पिशवी खाली ठेवली. जीपमध्ये मी दिलेल्या बाटलीतलं सॅनिटायझर तिनं हातांवर घेतलं आणि दोन्ही हात चोळले, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, जसं मी गावाला शिकवलं होतं तसं. मग हात तसेच पुढं धरून, आत न जाता, ती माझ्याकडं वळली.

"सिस्टर," तिनं विचारलं, "हात लावू का आता हिला?"

दीड वर्ष मी लोकांना लांब राहायला सांगितलं. बसायचं किती लांब, बोलायचं किती लांब, प्रेताजवळ किती जणांनी जायचं, सगळं सांगितलं, आणि ते सांगणं बरोबर होतं. पण स्वतःची किडनी दिलेल्या लेकीला हात लावायला एक आई माझी परवानगी मागत होती. मिस्त्री जिन्यात उभे होते, त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

"लावा आक्का," मी म्हणाले.

ती आत गेली. पिशवी दारातच राहिली होती, ती मी उचलून उंबऱ्याच्या आत सरकवली. मग मी आणि मिस्त्री जिना उतरून खाली आलो, आणि दुपारपर्यंत जीपमध्येच बसून राहिलो.